न विचारता बसवलेली तांबी

नमिता माझ्या घराच्या मागच्या खोलीत राहते. रोह्यात आमच्या आळीत तिला येऊन दीड वर्ष होईल. खोली द्यायच्या आधी मी तिला सगळे विचारतात तेच विचारलं, नवरा कुठे असतो, मुलं किती. नवऱ्यानं सोडलंय आणि मूल नाही, असं ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "पुढचंपण विचारा मावशी. दोष कुणात हाय, ते." मी विचारलं नाही, पण विचारणार होते हे तिला दिसलं होतं.

पुढचं सगळं तिनंच मला सांगितलं, बहुतेक रविवारी मागच्या अंगणात कपडे धुताना, तुकड्यातुकड्यानं. शेवटचं थोडं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

ती धरमतरच्या खाडीकडची. वडील मिठागरात राबले, आईही. नमिता दहावी झाली आणि विसाव्या वर्षी जोह्याच्या जितेशला दिली. जोह्यात गणपतीचे कारखाने घरोघरी. जितेशचा लहानसाच, घराच्या पडवीला लागून. साच्यातून निघालेल्या मूर्ती पॉलिश पेपरनं घासायच्या आणि त्यांच्यावर पांढरा हात मारायचा, हे काम नमिताकडे आलं. तिचा हात चांगला होता. वर्षभरात जितेश तिला पितांबराचे काठ रंगवायला द्यायला लागला.

घरात एक नियम होता. पाळी आली की चार दिवस कारखान्यात पाय ठेवायचा नाही. मूर्ती देवाची, मग ती कच्ची असो की रंगवलेली. गावातल्या पुष्कळ कारखान्यांत हे आता कोणी पाळत नाही, पण जितेशची आई धोंडुबाई पाळायची. त्यामुळे नमिताची पाळी कधी येते आणि कधी जाते हे कामाला येणाऱ्या गड्यांनासुद्धा ठाऊक असे.

२०१४ च्या ऑगस्टात ती बाळंत झाली. मुलगी झाली. गणपती तीन आठवड्यांवर आले होते आणि घरात मूर्तींमुळे झोपायला जागा नव्हती. कुठल्या दवाखान्यात, ते मी लिहीत नाही. तिथं त्या दिवशी जे झालं ते नमिताला सात वर्षांनी कळलं, पण मी ते आत्ताच सांगते.

बाळ बाहेर आल्यावर एक नर्स दाराशी आली आणि तिनं जितेशला सांगितलं की पहिलंच बाळ आहे, निदान तीन वर्षं दुसरं नको, आत्ताच तांबी बसवून टाकतो म्हणजे परत यायला नको. तांबी म्हणजे तांब्याची तार गुंडाळलेली एक बारीक वस्तू, गर्भपिशवीत बसवतात. ती आत असेपर्यंत दिवस राहत नाहीत. जितेशचा फोन वाजत होता. पनवेलचं गिऱ्हाईक सकाळपासून मूर्ती कधी भरताय म्हणून विचारत होतं. त्यानं कागद भिंतीला टेकवून सही केली आणि फोन घेतला. धोंडुबाई बाकावर बसली होती, तिनं कसला कागद म्हणून विचारलं. दवाखान्याचा, असं तो म्हणाला.

आत नमिता पूर्ण शुद्धीवर होती. तिला कोणी काही विचारलं नाही. दुखलं तेव्हा तिला वाटलं, टाके घालतायत.

मुलगी नऊ दिवस जगली. आठव्या दिवशी तिला ताप भरला, तिनं अंगावर प्यायचं सोडलं. पेणला नेलं, तिथून अलिबागला न्यायला सांगितलं, आणि वडखळच्या पुढे गाडीतच ती गेली. बारसं व्हायचं होतं, म्हणून तिला नाव नव्हतं. पुरून आले त्या संध्याकाळी पनवेलचा टेम्पो दारात उभा होता आणि जितेश मूर्ती भरत होता. नमिता म्हणते, त्याचा तिला राग आला नाही. भरताना त्याच्या हातून एका मूर्तीचा कान मोडला.

सव्वा महिन्यानं ती परत घासायला बसली.

पुढे पाळी सुरू झाली ती वेगळीच. आधी चार दिवसांत आटपायचं ते आता आठ-नऊ दिवस चालू राही. गाठी पडत, कंबर मोडून येई, आणि थांबलं असं वाटेपर्यंत पुन्हा डाग लागे. तिनं सासूला विचारलं, हे बरोबर हाय का. धोंडुबाईनं सांगितलं, बाळंतपणानंतर बाईचं असंच होतं. गावातल्या आणखी दोघी-तिघींना तिनं आडून आडून विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. महिन्यातले नऊ-दहा दिवस कारखाना तिला बंद झाला. ती मागच्या पडवीत पोत्यावर बसून राहायची आणि आत गडी म्हणायचे, मालकीणबाई पगारी रजेवर.

दोन वर्षं गेली, दिवस राहिले नाहीत. तेव्हा धोंडुबाई तिला पेणला एका डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि दिवस कसे मोजायचे ते सांगितलं: अंगावर जायला लागतं तो पहिला दिवस धरायचा, आणि अकराव्यापासून अठराव्यापर्यंत नवरा-बायकोनं जवळ यायचं. मग हिची सोनोग्राफी करून आणा, असं सांगितलं आणि चिठ्ठीवर आणखी एक तपासणी लिहिली, ती नवऱ्याची होती. धोंडुबाईनं ती चिठ्ठी दवाखान्याच्या पायरीवरच फाडली. माझ्या पोराला एकदा झालंय, त्याच्यात खोट नाय, असं म्हणाली. सोनोग्राफीही त्याच चिठ्ठीवर लिहिलेली होती, तीही गेली. त्या एका तपासणीत सगळं दिसलं असतं.

दिवसांचं मात्र धोंडुबाईनं मनावर घेतलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती पेन्सिलीनं गोल करायला लागली. पण ती मोजायची ते सून डोक्यावरून पाणी घेई त्या दिवसापासून. नमितानं एकदा सांगून पाहिलं की डॉक्टरनं पहिल्या दिवसापासून मोजायला सांगितलंय. धोंडुबाई म्हणाली, "विटाळाचे दिवस कोण मोजतं गो?"

गोल केलेल्या दिवशी ती भर दुपारी कारखान्यात जाऊन जितेशला उठवायची आणि घरात जा म्हणायची. रंगाचे हात धुवून तो निघाला की गडी एकमेकांकडे बघत. नमिता आत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. बाहेरची कुजबुज ऐकू येत असे आणि कधी कधी हसणंही. जितेश काम उरकल्यासारखा यायचा आणि जायचा. अशी तीन वर्षं.

लोक तोंडावर काही म्हणत नसत, पण वागण्यात सगळं होतं. जितेशच्या चुलतबहिणीचं डोहाळजेवण त्यांच्या घरी झालं तेव्हा नमितानं दोन दिवस खपून पंचवीस पानांचा स्वयंपाक केला. ओटी भरायची वेळ आली तेव्हा धोंडुबाई आत आली आणि हळूच म्हणाली, ती पाटावरून उठेपर्यंत तू बाहेर येऊ नको. नमिता चुलीपाशी बसून राहिली. गाणी झाली, फोटो झाले. मग बायकांना वाढायला तिला बोलावलं, कारण वाढणारी तीच होती.

२०१८ मध्ये कोणीतरी धोंडुबाईला डोंगराकडच्या वाडीतली एक औषध देणारी बाई सांगितली. ती बाई कापडात बांधलेल्या भुकटीच्या पुड्या द्यायची. पुडी आत ठेवायची, तीन दिवस काढायची नाही. नमितानं नको म्हटलं. त्यावर धोंडुबाई दोन दिवस जेवली नाही, आणि जितेश इतकंच म्हणाला, एवढं केलंस, हेपण कर. तिनं केलं. सात महिने, दर महिन्याला एक पुडी.

चौथ्या महिन्यापासून तिला ताप यायला लागला. ओटीपोटात सुरी फिरल्यासारखं दुखायचं आणि अंगावरून घाण वासाचं जायचं. तिला वास लपवता येईना. ती पडवीत झोपायला लागली. धोंडुबाईला समाधान वाटत होतं. औषध लागू पडतंय, आतली घाण बाहेर पडतीय, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. सातव्या महिन्यानंतर दुखणं आपोआप कमी झालं, तेव्हा सगळ्यांनी वाट पाहिली. काही झालं नाही.

२०१९ च्या शेवटी पेणला वकिलाकडे बसून स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहिली. कायद्यानं तिला काही अर्थ नव्हता, पण दोन्हीकडच्या माणसांना तेवढी पुरली. नमिताचा भाऊ प्रविण आला होता. मूल होत नसल्याकारणाने उभयतांच्या संमतीने, असं लिहिलेलं तिनं स्वतः वाचलं. तिची सही या कागदावर मात्र लागत होती. तिनं केली. फेब्रुवारीत जितेशनं नूतनशी लग्न केलं. नूतन तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

प्रविण धाटावला एका कंपनीत शिफ्टला जातो आणि रोह्यात चाळीत राहतो. त्यानं बहिणीला आणलं आणि कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला लावलं. तिथं दीड वर्ष बरं गेलं, असं ती सांगते. मग २०२१ च्या पावसाळ्यात तिची कंबर धरली. उभं राहता येईना. कॅन्टीनमधल्या बायकांनी तिला रोह्यातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी आधी मणक्याचा एक्स-रे काढायला लावला.

डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरला, मणका बघितला आणि मग बोट खाली नेलं.

"तांबी कधी बसवलीत?"

नमिता म्हणाली, "मी नाय बसवलेली."

"बसवलेली आहे. ही बघा."

फोटोत हाडांच्या मध्ये एक छोटा पांढरा टी होता. नमिताला वाटलं फोटो दुसऱ्या कुणाचा आहे. तिनं कोपऱ्यातलं नाव वाचलं. नाव तिचंच होतं.

"मूल नको होतं म्हणूनच बसवली असणार ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एवढी वर्षं ठेवायची तर अधूनमधून तपासून घ्यायला नको?"

नमितानं मला सांगितलं की त्या वेळी ती हसली. डॉक्टरीणबाई चिडल्या, यात हसण्यासारखं काय आहे म्हणाल्या. मग तिला हसू आवरेना, आणि बाहेर बसलेल्या बायका आत डोकावून बघायला लागल्या.

तांबी त्याच आठवड्यात काढली. पुढच्या पाळीला चार दिवसांत सगळं थांबलं, लग्नाच्या आधी थांबायचं तसं. पाचव्या दिवशी तिनं अंघोळ केली आणि मोरीतच बसून राहिली. भावजयीनं दार वाजवलं तेव्हा उठली.

मग ती त्या जुन्या दवाखान्यात गेली. बाळंतपणाचं कार्ड तिच्याकडे होतं. त्याच्यावर इंग्रजीत सहा अक्षरं होती, बाळंतपणातच तांबी बसवल्याची खूण, ती सात वर्षांत कोणी तिला वाचून दाखवली नव्हती, आणि तिनंही विचारलं नव्हतं. कारकुनानं जुनं रजिस्टर शोधायला दोन वेळा परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला त्यानं पान उघडून दाखवलं.

"तुमच्या मिस्टरांची सही आहे," तो म्हणाला.

"आणि माझी?"

"तुम्ही तेव्हा बाळंतीण होतात."

तिथून ती तडक जोह्याला गेली. जितेश कारखान्यात होता. त्याच्यासमोर एक मोठी मूर्ती होती आणि तो सोंडेवर रंग चढवत होता. तिनं एक्स-रे त्याच्या पुढ्यात धरला. त्यानं विचारलं नाही हे काय आहे म्हणून, आणि तिथंच तिला कळलं.

"तुला म्हाईत होतं," ती म्हणाली.

तो म्हणाला, "मला वाटलं पडली असंल."

तांबी तीन वर्षांची असते असं नर्स बोलली होती, म्हणून त्याला वाटलं तीन वर्षांनी ती आपसूक पडते. आणि त्याआधी? त्याआधी पोर गेली, त्या गडबडीत तो विसरला. खरंच विसरला, असं तो दोनदा म्हणाला. नमितानं विचारलं, मग आठवलं कधी. त्यानं ब्रश पाण्यात बुडवला. मग म्हणाला, नूतन बाळंत झाली तेव्हा. जानेवारीत. तिथल्या नर्सनं तोच कागद आणला आणि तांबी बसवायची का म्हणून विचारलं. तेव्हा त्याला आठवलं.

"तिला बसवली?"

"नाय. नको बोललो."

"आणि मला सांगितलं नायस."

"तवा सांगून काय उपयोग होता?"

नमिता म्हणते, तो खोटं बोलत नव्हता. तो खोटं बोलला असता तर तिला त्याच्याशी भांडता आलं असतं.

धोंडुबाई आवाज ऐकून आली. एक्स-रे बघून, सगळं ऐकून घेऊन ती खाली बसली. म्हणाली, "नशिबात नव्हतं गो तुझ्या." मग उठली आणि नूतनची मुलगी उठेल म्हणून हळू बोला, असं सांगून आत गेली. नूतन दारात उभी होती. पदराच्या आड मुलीला पाजत तिनं सगळं ऐकलं होतं.

तक्रार करायची का, असं प्रविणनं विचारलं होतं. ओळखीच्या एकानं सांगितलं की सही नवऱ्याची आहे, केस उभी राहणार नाही. ते खरं की खोटं मला माहीत नाही. तिनं पुढे काही केलं नाही.

तिच्या डोक्यात एकच होतं. तांबी निघाली, वय अठ्ठावीस, मग आता आपल्याला होईल का? नवरा नव्हता, दुसरं लग्न ठरलेलं नव्हतं, तरी तिला ते हवं होतं. डॉक्टरीणबाईंनी नळ्यांची तपासणी करायला सांगितली. आत औषध सोडून फोटो काढतात ती. दोन्ही नळ्या बंद होत्या. जुना जंतुसंसर्ग आहे, त्या म्हणाल्या, आणि आत काही घातलं होतं का म्हणून विचारलं. नमितानं पुड्यांचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही दहावी शिकलेल्या ना?" त्या म्हणाल्या. "कळत नाही का तुम्हाला?"

तांबी होती तोवर मूल होणार नव्हतं, पण ती काढता येत होती. मूल व्हावं म्हणून जे केलं ते काढता येत नव्हतं.

यानंतर कॅन्टीनमधल्या बायका तिच्याकडे यायला लागल्या. तिची गोष्ट धाटावभर झाली होतीच. जेवणाची वेळ संपली की मागच्या नळापाशी एखादी रेंगाळायची आणि विचारायची. पाळी झाल्यावर किती दिवस भीती नसते? गोळी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या का? नवरा म्हणतो मी सांभाळतो, त्यानं भागतं का? नमिताला आधी यातलं काही येत नव्हतं. ती डॉक्टरीणबाईंकडे जाऊन विचारायची, त्या वैतागायच्या पण सांगायच्या, आणि ती येऊन बायकांना सांगायची. गोड बोलायची नाही. महिना पुढेमागे होणाऱ्या बाईनं दिवस मोजण्यावर विश्वास ठेवायचा नाही, तू मोजत बसलीस तर दहा महिन्यांनी दवाखान्यात दिसशील, असं तोंडावर सांगायची. आणि एक गोष्ट प्रत्येकीला सांगायची, की टेबलावर पडलेली असलीस तरी विचार, काय घालताय, आणि कागदावर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचायला लाव.

२०२४ च्या फेब्रुवारीत नूतन आली. पेणहून एस्टीनं, माहेरी जाते सांगून. कॅन्टीनच्या फाटकाशी उभी होती, बारीक झालेली, ओठ पांढरे. तिला दुसरीही मुलगी झाली होती. नमितानं तिला बघितलं आणि ती परत आत गेली. पोळ्या संपल्या, भांडी झाली, तरी ती बाहेर आली नाही. तीन तासांनी बाहेर आली तेव्हाही नूतन तिथंच उभी होती.

नूतनला तांबी बसवून हवी होती. अंगात रक्त नाही, डॉक्टरनं दोन वर्षं थांबायला सांगितलंय, पण सासूला मुलगा पाहिजे आणि नवरा ऐकत नाही.

"मीच भेटले तुला?" नमितानं विचारलं.

"गावात कोणाला विचारलं तर संध्याकाळपर्यंत घरी कळतं," नूतन म्हणाली. "आणि तुमच्याइतकं कोणाला म्हाईत हाय?"

नमिता कबूल करते की त्या क्षणी तिला नूतनचा गळा धरावासा वाटला होता. तिनं पाळी कधी येते ते विचारलं आणि पाळी चालू असताना ये, म्हणून सांगितलं. पुढच्या महिन्यात नूतन आली. नमिता तिला घेऊन गेली आणि आत तिच्या उशाशी उभी राहिली. तांबी नूतनला हातात घेऊन बघायला लावली. सुरुवातीला अंगावर जास्त जाईल, पोटात दुखेल, सहन झालं नाही तर कधीही काढता येईल, हे नर्सकडून तिच्यासमोर वदवून घेतलं. सही नूतननं केली. नमितानं तिला कार्ड दिलं आणि ते कुठं लपवायचं ते तुझं तू बघ म्हणाली.

कार्ड कोणाला सापडलं नाही. नूतन पकडली गेली ती पाळीमुळं. तीन महिने तिची पाळी आठ-आठ दिवस चालली. ती पडवीत बसलेली राहायची आणि धोंडुबाई दिवस मोजायची. नमिताच्या वेळी याचा अर्थ तिला माहीत नव्हता. आता होता. नमितानं स्वतः तो एक्स-रे तिला दाखवला होता, आणि लांबणारी पाळी तांबीमुळं होती हेही सांगितलं होतं. जून महिन्यात धोंडुबाईनं जितेशला सांगितलं, हिला तांबी हाय. नूतनला पेणला नेऊन तांबी काढून आणली.

त्या दिवशी जितेशनं नूतनला मारलं. पहिल्या बायकोवर त्यानं कधी हात उचलला नव्हता. मार खाताना नूतन म्हणाली, मला काय म्हाईत नव्हतं, तिनंच मला फसवून नेलं, ताकदीचं इंजेक्शन हाय म्हणाली.

दोन दिवसांनी जोह्याचे हैबतराव आणि आणखी दोघं, जितेशला घेऊन, प्रविणच्या चाळीत आले. चाळीतले सगळे ऐकत होते. वांझेनं सवतीची कूस बांधली, असं हैबतराव म्हणाले. प्रविणनं बहिणीकडे बघितलं. तिनं सांगितलं की सही नूतनची आहे, कार्ड नूतनकडे आहे, दवाखान्यात चला. कोणी दवाखान्यात गेलं नाही. जाताना जितेश तिला म्हणाला, "तुझं झालं ते झालं. तिचं कशाला केलंस?"

भावजय तेव्हा पोटुशी होती. ती नमिताच्या हातचं पाणी घेईना. आठवड्याभरात नमितानं खोली बघायला सुरुवात केली आणि माझ्याकडे आली. कॅन्टीनमध्येही गोष्ट पोचली होती. दोघी गरोदर बायकांनी तक्रार केली आणि मुकादमानं तिला पोळ्यांवरून काढून भांड्यांवर लावलं. नळापाशी थांबणाऱ्या बायका थांबेनाशा झाल्या. ज्यांना तिनं गोळ्यांची नावं लिहून दिली होती त्या आता तिला ओळख देत नाहीत.

मी एकदा तिला म्हटलं, नूतननं तुझ्यावर घातलं, तुला संताप येत नाही? ती चादर पिळत होती. म्हणाली, "मार पडत असता तर मीपण तुमचं नाव सांगितलं असतं मावशी."

नूतनला पुढच्या मे महिन्यात तिसरी मुलगी झाली. बाळंतपणात तिला रक्ताच्या तीन बाटल्या चढवाव्या लागल्या. हे आम्हाला प्रविणकडून कळलं. तो अधूनमधून येतो, बायकोला न सांगता.

गेल्या डिसेंबरात एका दुपारी नमिता सुट्टीवर होती, माझ्या ओट्यावर बसून वाल सोलत होती. तिला अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडचा आवाज इतका हळू होता की तिनं फोन स्पीकरवर टाकला. नूतन होती. तिनं कशा आहात विचारलं नाही, झालं गेलं काही काढलं नाही. मुलगी सात महिन्यांची झालीय म्हणाली, अंगावर पिते, आणि मला अजून पाळी आलेली नाय.

"म्हणजे दिवस राहत नाय ना?" तिनं विचारलं. "सगळ्या बोलतात, पाजती हाय तोवर भीती नाय."

नमितानं हातातले वाल खाली टाकले. मला वाटलं ती फोन ठेवणार.

"दिवसाला किती वेळा पाजतेस? वरचं देतेस?" तिनं विचारलं.

"देते. भाताची पेज. दूध पुरत नाय."

"मग भरवसा नाय," नमिता म्हणाली. "सहा महिने होईपर्यंत, नुसतं अंगावर पाजत असलीस आणि पाळी आलेली नसली तर चालतं. आता नाय चालत. पाळी यायच्या आधीच राहू शकतात."

पलीकडे कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

"मग मी काय करू?" नूतननं विचारलं.

नमितानं तोंड उघडलं, तेवढ्यात तिकडे कोणीतरी नूतनला हाक मारली आणि फोन बंद झाला. नंबर शेजारपाजारच्या कुणाचातरी असणार. परत लावला तर कोण उचलेल ते सांगता येत नव्हतं. नमिता फोन मांडीवर ठेवून संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसली होती. तो पुन्हा वाजला नाही.